सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही: पोर्श ९४४ मधला दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८६ ची पोर्श ९४४, आठ व्हॉल्व्हचं अडीच लिटरचं इंजिन, टर्बो नाही. गाडी काही महिने उभी होती. बॅटरी नवी घातली, सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण एकदाही पकडत नाही. प्लग बदलून झाले, फरक नाही. एक जण पेट्रोल पंप बदला म्हणतो, दुसरा कॉम्प्युटर गेलाय म्हणतो. आधी काय विकत घ्यावं?

आत्ता काहीच घेऊ नका. या गाडीत पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच रिलेवर, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या एका स्विचवर, अवलंबून असतात, आणि तो रिले त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मरतो. पंप बदलून गाडी चालू झाली नाही की माणूस कॉम्प्युटर बदलतो, मग इंजेक्टर उघडतो, आणि मूळ दोष जागच्या जागीच राहतो. शिवाय प्रत्येक वेळी कित्येक दशकं जुने, कडक झालेले कनेक्टर उघडले जातात, त्यातला एखादा तुटतो, आणि एका दोषाचे दोन होतात. म्हणून आधी मोजायचं, मग ठरवायचं. लागणारी साधनं फार नाहीत: मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर, पेट्रोलचं प्रेशर मोजायचा गेज, फ्यूज लावलेली एक जाड वायर आणि २४ मिलिमीटरचा सॉकेट.

पुन्हा सेल्फ मारण्याआधी एक गोष्ट नक्की करा. ९४४ चं इंजिन असं आहे की टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा दातेरी पट्टा, तुटला किंवा त्याचे दात सोलले गेले, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्टची अवस्था माहीत नसताना सेल्फ मारत राहणं म्हणजे उरलेले व्हॉल्व्हही धोक्यात घालणं. इंजिनाचा आवाज आठवून बघा. चारही सिलिंडरमध्ये दाब तयार होत असेल, तर सेल्फचा आवाज ठेका धरून चढउतार करतो. दाबच नसेल तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी आणि जरा जास्तच वेगात फिरतं. ‘सेल्फ जोरात फिरतो’ असं तुम्ही लिहिलंय. नवी बॅटरी हे त्याचं साधं कारण असू शकतं, पण मी ते गृहीत धरणार नाही.

खात्री करायला फार खोलात जावं लागत नाही. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, रोटर थेट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसतो. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि क्रँकशाफ्टचा पुढचा बोल्ट २४ च्या सॉकेटने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सावकाश फिरवा. उलट दिशेने फिरवू नका. रोटर सोबत फिरला, तर बेल्ट निदान अखंड आहे. हाताला कुठे कडक अडथळा लागला, तर तिथेच थांबा. रोटर फिरलाच नाही, तर लगेच घाबरून जाऊ नका. हा रोटर एका छोट्या स्क्रूने कॅमशाफ्टला घट्ट केलेला असतो. तो स्क्रू सैल होतो, कधी पडूनही जातो, मग कॅमशाफ्ट फिरत असतो आणि रोटर मोकळा डुलत राहतो. अशा वेळी रोटर काढून मागचा दांडा फिरतो का ते बघा. दांडा फिरत असेल तर दोष सापडलाच, आणि तो एका स्क्रूचा आहे.

बेल्ट अखंड असूनही एखाददोन दात सरकला असेल, हेही शक्य असतं. त्यासाठी क्लचच्या घरावरच्या छोट्या खिडकीतून फ्लायव्हीलवरची ‘ओटी’ ही खूण जुळवायची आणि त्याच वेळी कॅमच्या चाकावरची खूण आपल्या जागी येते का ते पाहायचं. या दोन खुणा एकत्र येत नसतील, तर पुढची कुठलीही तपासणी करण्यात अर्थ नाही. आधी टायमिंग.

बेल्ट ठीक निघाला असं धरून पुढे जातो. आता या गाडीतलं सगळ्यात उपयोगी निदानयंत्र वापरायचं, आणि ते डॅशबोर्डवरच बसवलेलं आहे: टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर. सेल्फ मारताना दुसऱ्या कुणाला त्याच्या काट्याकडे टक लावून बघायला सांगा. टॅकोमीटरला सिग्नल इग्निशन कॉइलच्या बाजूने मिळतो. काटा थोडा जरी उचलला, थरथरला, तरी त्याचा अर्थ मोठा आहे: डीएमई, म्हणजे बॉशच्या मोट्रॉनिक पद्धतीचा कॉम्प्युटर, जिवंत आहे, त्याला क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडून माहिती मिळते आहे, आणि तो कॉइलला चालू-बंद करतो आहे. मग शोध पेट्रोलकडे किंवा कॉइलच्या पुढच्या भागाकडे, म्हणजे कॅप, रोटर, वायर आणि प्लगकडे वळवायचा. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला, तर पेट्रोल पंपाकडे बघायची अजून वेळ आलेली नाही. आधी डीएमईला वीज मिळते का आणि सेन्सर बोलतात का, ते बघायचं.

(नव्या गाड्यांत हेच काम स्कॅनर करतो. सेल्फ मारताना लाइव्ह डेटामध्ये इंजिनचे फेरे दिसतात की शून्य, हा तिथलाही पहिला प्रश्न. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालेलं ते निदानाचं सॉकेट ९४४ मध्ये नाही, त्यामुळे काट्यावरच भिस्त.)

काटा मेलेला असेल तर पहिला संशय डीएमई रिलेवर. या एका डबीत खरं तर दोन रिले आहेत. एक भाग चावी फिरवल्यावर कॉम्प्युटरला आणि इंजेक्टरना वीज देतो. दुसरा पेट्रोल पंपाला देतो, पण तो कॉम्प्युटरने सांगितल्यावरच, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळल्यावर. आतल्या सर्किटवरचे डाख वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन बारीक चिरतात. बाहेरून डबी नव्यासारखी दिसते. चिर बारीक असेल तोवर गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालू होते. चिर वाढली की कायमची बंद. तुमची गाडी उभी करण्याआधी असं अधूनमधून होत होतं का, हे आठवून बघा. होत असेल तर माझा संशय बराच पक्का होईल.

रिले तपासायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला बाजूला ठेवणं. चावी बंद ठेवून रिले काढा. त्याच्या बैठकीत ३०, ८७ आणि ८७बी या तीन जागा आहेत. फ्यूज लावलेल्या जाड वायरने या तिन्ही एकमेकींना जोडा. ३० वर बॅटरीची वीज कायम असते, त्यामुळे जोडल्या क्षणी, चावी बंद असतानाही, मागच्या बाजूने पंपाचा घुमल्यासारखा आवाज यायला हवा. म्हणूनच त्याआधी इंजिनवरच्या पेट्रोलच्या नळ्या नीट तपासा. या गाडीत जुन्या नळ्या जोडांपाशी झिरपायला लागतात आणि त्यातून इंजिनला आग लागल्याचे प्रकार झालेले आहेत. नळीला बोटाने चाचपा, वास घ्या, जवळ अग्निशामक ठेवा. वायर जोडल्यावर कुठेही ओल दिसली तर ताबडतोब काढा.

वायर जोडून सेल्फ मारला आणि इंजिन चालू झालं, तर नवा रिले घ्या आणि काम संपलं. वायर लावून गाडी चालवत फिरणारे लोक मी बघितलेत. ते करू नका. रिलेची पंपावरची पकड ही सुरक्षेसाठी आहे: अपघातात इंजिन थांबलं की पंप थांबायला हवा. वायर लावली की पंप पेट्रोल ओततच राहतो. आणि जुना रिले उघडून पुन्हा डाख देणं जमतं, पण तो मी फक्त सुटा म्हणून गाडीत ठेवायला देतो, रोजच्या वापराला नाही.

वायर जोडूनही पंप गप्प राहिला, तर पंपाचा फ्यूज आणि पंपापाशी येणारी वीज बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा. पंपाच्या कनेक्टरवर बॅटरीइतकी वीज येते, अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणी) नीट आहे आणि तरी पंप फिरत नाही, असं असेल तरच पंप दोषी. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुन्या पेट्रोलने पंप जाम होतो हे खरं आहे, त्यामुळे ज्यांनी पंप सुचवला त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. फक्त त्यांनी तो शेवटचा दुवा आधी पकडला.

आता समजा, वायर जोडल्यावर पंप चालतो, पण टॅकोमीटरचा काटा अजूनही मेलेला. मग क्रँकशाफ्टचे दोन सेन्सर. हे दोन्ही इंजिनच्या मागे, क्लचच्या घरावर, एकाच पट्टीत शेजारी बसवलेले आहेत. एक फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याचे दात मोजतो आणि इंजिनचा वेग सांगतो. दुसरा फ्लायव्हीलवर बसवलेली एकच खूण पकडतो आणि क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे ते सांगतो. ठिणगी पाडायला कॉम्प्युटरला दोघांचीही गरज असते. इथे एक बारकावा उपयोगी पडतो. मूळ चांगला रिले जागेवर ठेवून सेल्फ मारताना पंप चालत असेल, पण टॅकोमीटर मेलेला असेल, तर वेगाचा सेन्सर बोलतोय आणि जागा सांगणारा गप्प आहे असा संशय घ्यायला जागा आहे. पंप आणि टॅकोमीटर दोन्ही मेलेले असतील तर रिले, कॉम्प्युटरची वीज किंवा वेगाचा सेन्सर.

सेन्सरचे कनेक्टर काढून त्यांच्या पहिल्या दोन पिनांमधला रोध मोजा. साधारण ६०० ते १६०० ओहमच्या दरम्यान यायला हवा. अनंत आला तर आतली तार तुटली, जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट. पण आकडा बरोबर आला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, हे इथे ठासून सांगतो. हे सेन्सर गरम झाल्यावर तुटतात आणि थंड झाल्यावर जुळतात. त्यांच्या तारांचं आवरण इतकं ठिसूळ होतं की कनेक्टरजवळ वाकवलं की भुगा पडतो, आणि बाहेरची जाळी आतल्या तारेला टेकते. रोध मोजत असताना तार हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर सेन्सर बदला, विचार करत बसू नका. वेगाच्या सेन्सरची आणखी एक परीक्षा म्हणजे मीटर एसीवर ठेवून सेल्फ मारणं. चुंबकीय सेन्सर असल्यामुळे फिरत्या दातांसमोर त्याने स्वतःची वीज तयार करायला हवी. जागा सांगणारा सेन्सर एका फेऱ्यात एकदाच धडकन सिग्नल देतो, तो साध्या मीटरवर नीट दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

गाडी उभी राहण्याआधी क्लचचं काम झालं होतं का? झालं असेल तर बाकी सगळं सोडून आधी इथेच बघा. या दोन्ही सेन्सरचे कनेक्टर एकसारखे आहेत. क्लचच्या कामात ते काढले जातात, परत लावताना अदलाबदल होते, आणि गाडी सेल्फवर फिरत राहते, पकडत नाही. दुसरं म्हणजे अंतर. जागा सांगणाऱ्या सेन्सरचं टोक आणि फ्लायव्हीलवरची खूण यात ०.८ मिलिमीटर अंतर असावं लागतं. ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टोकाला ०.८ मिलिमीटर जाडीचा वॉशर चिकटवून, सेन्सर खुणेवर अलगद टेकवून, पट्टी घट्ट करतात आणि मग वॉशर काढून सेन्सर परत बसवतात. अंतर जास्त असेल तर सिग्नल दुबळा, कमी असेल तर फ्लायव्हील सेन्सरचं टोक खरवडून टाकतं.

जुने सेन्सर बाहेर काढणं हे एक स्वतंत्र कष्टाचं काम आहे. ते पट्टीत गंजून घट्ट बसलेले असतात आणि पकडीने ओढले की मधेच मोडतात. गंज सोडवणारं तेल घालून आदल्या रात्रीच भिजवून ठेवा. पट्टीसकट काढून टेबलावर सोडवणं बहुतेक वेळा सोपं जातं.

टॅकोमीटरचा काटा हलत असेल, तर वरचं सगळं सोडून इथून वाचा.

स्पार्क टेस्टर कॉइलच्या मधल्या वायरला लावा, मग एका प्लगच्या वायरला. कॉइलकडे ठिणगी आहे आणि प्लगकडे नाही, तर कॅप किंवा रोटर. उभ्या गाडीत कॅपच्या आत ओल आणि हिरवट गंज धरतो. वायर हातात धरून किंवा हवेत लोंबकळत ठेवून करंट बघायची जुनी सवय इथे सोडा. हजारो व्होल्टचा झटका तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइल किंवा कॉम्प्युटरच्या आत वाट शोधते. प्लग बदलताना वायरी काढल्या असतील तर क्रमही तपासून घ्या: १-३-४-२.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. इंधन-रेलच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, टोकाला प्रेशर मोजायची जागा आहे, तिच्या टोपणात एक छोटी पोलादी गोळी असते. टोपण उघडताना ती निसटून इंजिनच्या खाचेत गेली तर शोधत बसाल, म्हणून खाली कापड धरा. त्याच कापडात उडणारं पेट्रोलही टिपलं जाईल. दाब तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. पंप बंद केल्यावर दाब झरकन शून्यावर आला, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), दाब राखणारा रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून हुंगा. आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर त्याचा पडदा फाटलाय, तो बदलायचाच.

दाब आहे, पण इंजेक्टर उघडतात का? त्यासाठी नॉइड लाइट, म्हणजे इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये खोचायचा छोटा दिवा. सेल्फ मारताना तो लुकलुकला तर कॉम्प्युटर आपलं काम करतोय. दिवा लुकलुकतो, दाब आहे, तरी प्लग काढल्यावर कोरडे ठणठणीत, मग इंजेक्टरच्या सुया जुन्या पेट्रोलने चिकटल्यात. ते काढून स्वच्छ करून घ्यावे लागतील. टाकीतलं पेट्रोल आंबट, वार्निशसारखं हुंगायला येत असेल तर आधी ते सगळं बाहेर काढा आणि फिल्टर बदला, नाहीतर स्वच्छ इंजेक्टर पुन्हा तसेच होतील.

उलट प्लग ओलेचिंब निघाले, तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त झालंय. इतक्या वेळा सेल्फ मारल्यावर ते साहजिक आहे. प्लग वाळवा आणि पंपाला वीज न देता सेल्फ फिरवून सिलिंडर मोकळे करा. पण पुन्हा ओव्हर होत असेल तर डीएमईचा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मोजा. २० अंशाला त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम असतो, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. याची तार तुटली की कॉम्प्युटरला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, आणि तो पेट्रोल ओततो. हा स्वस्त भाग आहे, आणि ‘इंजेक्टर गळतात’ म्हणून त्याच्यापायी बरेच इंजेक्टर उगाच बदलले गेलेत.

स्टार्टिंग स्प्रेबद्दल सगळेच विचारतात. निदानासाठी एकदा, अगदी थोडा, चालतो. इंजिन क्षणभर पकडून बंद पडलं तर ठिणगी आणि टायमिंग ठीक, पेट्रोल कमी, एवढं कळतं. पण या गाडीत हवा मोजणाऱ्या पेटीत एक पातळ झडप आहे. एअर फिल्टरकडून स्प्रे मारला आणि इंजिनने उलटा बार काढला की ती झडप वाकते. मारायचाच असेल तर थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, एखाद्या व्हॅक्यूम नळीतून.

बॅटरी नवी आहे म्हणून तिला वगळू नका. सेल्फ मारतानाचा व्होल्टेज बघा. तो साडेनऊच्या खाली जात असेल, तर सेल्फ फिरेल पण कॉम्प्युटर आणि कॉइल अर्धमेले राहतील. त्याच वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थिंगची वायर घासून साफ करा. उभ्या गाडीत हा दोष नवीन नाही. गाडीत चोरीविरोधी अलार्म असेल, विशेषतः नंतर कुणी बसवलेला, तर तो इग्निशन कापत नाही ना हेही बघा. अशा अलार्मची जोडणी बरेचदा रिलेच्या आसपासच केलेली असते.

राहिला कॉम्प्युटर. त्याच्या कनेक्टरवर वीज येते, अर्थिंग आहे, दोन्ही सेन्सरचा सिग्नल कॉम्प्युटरच्या कनेक्टरपर्यंत पोहोचतो, नुसता सेन्सरच्या टोकाशी नाही, आणि तरीही ठिणगी नाही की इंजेक्टरचा दिवा लुकलुकत नाही, तेव्हाच त्याच्यावर बोट ठेवायचं. तेव्हाही आधी त्याच्या पिना आणि आतले डाख बघायला हवेत. असलीच तर तिथली चूक बहुतेकदा दुरुस्त होते.

यातलं सर्वांत आधी रोटर, टॅकोमीटर आणि रिलेच्या जागी वायर, या तीन गोष्टी करा आणि तिन्हीत काय दिसलं ते लिहा. त्यावरून पुढचं पाऊल मी नेमकं सांगू शकेन. आणि गाडी यातल्या कुठल्याही टप्प्यावर चालू झाली, तरी टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर ती रस्त्यावर नेऊ नका. टायमिंग बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा बेल्ट आणि त्यांचे रोलर आधी बदलून घ्या, आणि ताण मोजून लावून घ्या, अंदाजाने नाही.